मुका खांब

क्रोशाच्या टाक्यांना नावं कुणी ठेवली असतील?
साखळी. खांब. अर्धा खांब.
आणि सगळ्यांत बुटका, तो मुका खांब.
खेळण्यात उंचांचं काम नसतं,
त्यांच्या मधून कापूस डोकावतो.
मुके तेवढे दाटीवाटीनं उभे राहतात.

फहाहीलच्या गल्लीतली लोकरवाली, उम्म नजीब.
मला अरबी येत नाही, तिला मराठी.
बोटांवर दाखवलं तिनं: सहा, मग बारा, मग अठरा.
म्हटलं, सहाचा पाढा की.
ती म्हणाली, घुर्झा, घुर्झा,
आणि पिवळा गुंडा दीडशे फिल्सनी स्वस्त केला.

बाहेर एकोणपन्नास.
घसरगुंडी दिवेलागणीपर्यंत हात लावू देत नाही.
आज तर तोझ,
समोरची इमारत कुणी खोडरबरानं पुसलेली,
दाराच्या फटीला ओला टॉवेल,
आणि मंगफच्या चौथ्या मजल्यावर आम्ही:
मी, अडीच वर्षांचा शर्विल,
आणि रिफायनरीतून रात्रपाळी करून आलेला निनाद,
पडदे ओढून झोपलेला.
म्हणजे आवाज नको.
म्हणजे दुपारभर मुके खांब.

आधी लिंबू झालं.
चेंडू करायला घेतला होता.
मग मासा. मग हत्ती,
ज्याची सोंड मी हौसेनं आधी विणली
आणि मग हत्तीच सोंडेला पुरेना.

भरायला कापूस नव्हता.
कपाटात पांढरा कोट होता, मिरजेच्या लॅबमधला,
खिशावर निळ्या शाईचा डाग.
सात वर्षं काचपट्टीवर रक्त पसरून
मी लोकांच्या पेशी मोजल्या.
इथल्या ओळखपत्रावर कलम बावीस,
कुटुंबीय.
कात्री आधी बाहीवर चालवली.
एक बाही हत्तीच्या पोटात गेली.

डोळ्यांना बटणं लावायची नाहीत, मुलं गिळतात.
दोऱ्यानं भरायचे, तर काळा दोरा संपलेला.
आठ दिवस हत्ती आंधळा.
शर्विल त्याला कडेवर घेऊन खिडकीशी न्यायचा
आणि सांगायचा:
तांकी आली.
कबूतल.
आता काईच नाई.

आईला फोनवर दाखवला.
इचलकरंजीत कांड्या भरण्यात तिची चाळीस वर्षं गेली.
तिनं चष्मा चढवला, म्हणाली,
टाका ढिला पडतोय. ताण धर, ओढू नको.
मग म्हणाली, किती ग्रॅम लागलं?
तिच्या हातच्या सुताचं कापड पुढे कुठे गेलं
ते तिनं कधी पाहिलं नाही.
तिकडंच आलं असंल एखादं,
तुझ्या त्या पडद्यांचं बघ की.
मी पडदा उलटून पाहिला.
लेबल धुऊन धुऊन कोरं झालेलं.

परवा हत्तीच्या पाठीची गाठ सोडली,
पोट बसलं होतं, अजून थोडं भरावं म्हणून.
सुईतून सुटलेला एक फास तसाच ठेवून
कुकरची शिट्टी व्हायच्या आत उठले.
परत येते तो हत्तीला पाठ नाही.
शर्विल निघालेला, हॉलमधून थेट बेडरूमच्या दाराकडे,
पिवळी रेघ ओढत, दबक्या आवाजात
यल्ला, यल्ला करत.
मागे उरली सोंड
आणि फरशीवर कोटाची बाही,
चुरगळलेली, कोपरात दुमडलेली,
आत कुणाचा तरी हात असल्यासारखी.

ओरडायला तोंड उघडलं.
आत निनाद घोरत होता.
मग मी दोऱ्याचं दुसरं टोक उचललं
आणि गुंडाळत गुंडाळत पोरापर्यंत पोचले.
त्यानं मूठ उघडली नाही.
पुन्ना, म्हणाला. हत्ती पुन्ना कर.

विणून उसवलेली लोकर सरळ राहत नाही,
जिथे जिथे टाका होता तिथे वळण धरते.
आई म्हणते, वाफ दे, निघेल.
मी दिली नाही.

पोट जाड करायचंय या वेळी,
दुसरी बाहीही लागेल.
सहा. बारा. अठरा. शर्विल, पाय काढ त्यातून.
चोवीस.
सोंड तेवढी सगळ्यांत शेवटी.